तीन तांडेल आणि सरकता दांडा

एका खाडीच्या तोंडाशी वेंगणे नावाचे एक बंदर होते. बंदर लहानसेच, पण तिथल्या माणसांचा ताठा पाहावा! परगावी गेली की ‘कुठले तुम्ही?’ असे कोणी विचारायची ही मंडळी वाटच पाहत असत. खरे सांगायचे तर त्यांचा ताठा उगाच नव्हता. वेंगण्याच्या खाडीच्या तोंडावर, पाण्याखाली, वाळूचा एक लांबलचक दांडा आडवा पडला होता. वरून पाणी निळेशार दिसे आणि खाली हा दबा धरून बसलेला. तरीही आत येताना एकही गलबत तिथे कधी फुटले नव्हते. हे श्रेय वेंगण्याच्या तांडेलांचे. बाहेरून आलेल्या गलबतावर चढायचे, सुकाणू हाती घ्यायचे आणि दांडा चुकवून ते सुखरूप आत आणायचे, हे तांडेलाचे काम.

पण तांडेल आता म्हातारे होत चालले होते. नावाजलेले असे तिघेच उरले. एक भागुबाई. नवऱ्याच्या माघारी तिने त्याचे सुकाणू धरले, तेव्हा चार लोकांनी नाके मुरडली. तिने पहिले गलबत आत आणले आणि त्या चौघांची बोलती बंद झाली. दुसरा इसाक नाखवा, सदा हसतमुख, अंगाला कायम खाऱ्या पाण्याचा वास. आणि तिसरा सुभानजी. सुभानजीसारखा तांडेल पुन्हा होणे नाही, असे सगळे बंदर म्हणे. सुभानजी स्वतःही म्हणे.

राज्याच्या राणीला, अंबिकादेवीला, बंदराची काळजी लागली. तिने तिघांना बोलावून विचारले, “तुमच्यानंतर कोण?”

तिघांकडेही तयार झालेला एकही शिष्य नव्हता.

“मग तांडेलांची शाळा काढू,” राणी म्हणाली. “पण शिकवायचं कसं, ते सांगा.”

आता मात्र तिघे एकदम बोलू लागले, आणि तिघांचे म्हणणे तीन दिशांना. भागुबाई सुभानजीला ‘हटवादी’ म्हणाली. सुभानजी नाखव्याला ‘उडाणटप्पू’ म्हणाला. नाखवा दोघांनाही हसला, म्हणून दोघेही त्याच्यावर भडकले.

राणीने हात वर केला. “हिवाळाभर तिघांनी आपापल्या रीतीनं शिकवा. उन्हाळ्याच्या तोंडाला परीक्षा घेऊ. ज्याची रीत सरस ठरेल, ती शाळेची रीत. बाकीच्या दोघांनी मग पुन्हा कुणाला शिकवायला बसायचं नाही. एका बंदरात तीन-तीन रीती नकोत, शिकणारे गोंधळतात.”

परीक्षा बंदराच्या जुन्या रिवाजाप्रमाणे व्हायची होती. हा रिवाज असा : शिष्य भरलेले गलबत पहिल्यांदा दांड्यावरून आत आणतो, तेव्हा गुरूने गलबताच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर बसायचे. तोंड शिष्याकडे, पाठ पुढच्या पाण्याकडे. आणि मूग गिळून बसायचे. गुरूच्या तोंडून एक शब्द जरी निघाला, तरी शिष्य नापास.

सुभानजी घरी आला तो हवेत तरंगतच. कारण कसे शिकवायचे, याचा आराखडा तो वर्षानुवर्षे मनात घोळवत होता. आता सगळ्या राज्याला तो दाखवता येणार होता. हरलो तर पुन्हा कधीच शिकवायचे नाही, ही गोष्टही त्याच्या लक्षात होती. पण हरण्याचा विचार त्याच्या डोक्यात फार वेळ टिकत नसे.

त्याची रीत होती मोठी शिस्तीची. शिकायला आलेल्या प्रत्येकाला त्याने आधी समोर बसवले. कोणाला काय येते, काय येत नाही, कोणाची नजर चांगली, कोणाला भरती-ओहोटीचा अंदाज आहे, सगळे विचारून घेतले. त्यावरून काय शिकवायचे ते ठरवले. मग त्याचे धडे पाडले. मग किनाऱ्यावर ओल्या वाळूचा एक नकाशाच उभा केला : इथे खाडी, इथे दांडा, इथे काळा खडक, इथे टेकडीवरचे देऊळ, इथे माडांची रांग. एवढी तयारी झाल्यावरच शिकवणे सुरू झाले. शिष्य त्या वाळूतून चालत आणि मोठ्याने म्हणत, “देवळाचा कळस काळ्या खडकावर, एका रेषेत आला की डावीकडे. माडांची रांग संपली की सरळ.” प्रत्येक धड्यानंतर परीक्षा. पाण्यात मात्र कोणी पाय घातला नव्हता. ते शेवटी.

राणी एकदा पाहुण्यांना घेऊन हा नकाशा पाहून गेली. पाहुण्यांनी तोंडात बोटे घातली. सुभानजीची छाती अशी फुगली की सदऱ्याची गाठ सुटायची बाकी राहिली.

भागुबाईची रीत उलटी. पहिल्याच दिवशी तिने शिष्यांना धक्क्यावर नेले आणि सांगितले, “शेवटच्या दिवशी भरलेलं गलबत तुम्हाला इथं, या खांबाला आणून लावायचं आहे. ते कसं झालं की चांगलं झालं म्हणायचं, हे आधी ठरवू. मग सांगा, त्याच्या आदल्या दिवशी काय यायला हवं? आणि त्याच्याही आधी?” अशी ती मागे मागे येत वल्हे धरण्यापर्यंत आली आणि तिथून शिकवू लागली. जे शेवटाकडे नेत नाही, ते तिने शिकवलेच नाही.

आणि इसाक नाखवा? त्याने पहिल्या दिवशी शिष्यांना होडीत घातले आणि होडी खाडीत ढकलली. होडी चिखलात रुतली. नाखवा पोट धरून हसला. “का रुतली?” त्याने विचारले. शिष्यांनी कारण शोधले. दुसऱ्या दिवशी होडी थोडी पुढे जाऊन रुतली. पुन्हा हसणे, पुन्हा कारण. होडी थोडी मोठी, वारा थोडा जास्त, असे करत करत त्याचे शिष्य पाण्यातच वाढले.

सुभानजी येता-जाता हे पाहायचा आणि मनातल्या मनात दोघांना नापास करायचा.

त्याच्या शिष्यांत दौलत नावाचा एक शिडे शिवणारा होता. वयाने चाळिशीकडे झुकलेला, दोन मुलांचा बाप. बोटे सुईने टोचून टोचून जाड झालेली. पाठांतरात तो सगळ्यांच्या मागे, आणि शंका विचारण्यात सगळ्यांच्या पुढे. “खडकावर कळस आला की डावीकडेच का, सुभानकाका?” असे तो विचारी. सुभानजी कधी कारण नीट समजावून सांगे आणि कधी म्हणे, “आधी पाठ कर, मग विचार.” पण मनातून त्याला दौलत आवडे. परीक्षेला त्यालाच बसवायचे, असे त्याने ठरवले होते.

हिवाळा सरला आणि एके दिवशी अवेळी वादळ आले. समुद्र रात्रंदिवस गर्जत राहिला. वादळ ओसरल्यावर गुरुशिष्य किनाऱ्यावर आले. वाळूचा नकाशा माडाच्या झापांखाली झाकलेला होता, तो जसाच्या तसा होता. सुभानजीला बरे वाटले.

दौलत मात्र समुद्राकडे पाहत होता. “सुभानकाका, फेस भलत्याच ठिकाणी उठतोय.”

“भरती आहे. उठायचाच.”

“देवळाचा कळस खडकावर धरून बघितलं मी. आपली वाट जिथून जाते, तिथंच लाटा फुटतायत.”

“तू तांडेल की मी?” सुभानजी ओरडला. “नकाशा बघ आणि वाट म्हण!”

दौलतने निमूटपणे वाट म्हटली. पहिल्यांदाच एकही चूक न करता म्हटली. आणि सुभानजीला ती ऐकवेना. कारण त्यालाही फेस दिसला होता.

हा दांडा वर्षानुवर्षे निपचित पडून राहणारा. सुभानजीच्या तरुणपणी त्याने एकदा कूस बदलली होती, त्यानंतर नाही. त्यामुळे तो हलतो, हे सुभानजीला ऐन आराखडा आखताना आठवले नव्हते. मग शिशाचा गोळा बांधलेली दोरी घेऊन सुभानजी एकटाच होडीने दांड्यावर गेला आणि जागोजागी दोरी सोडून खोली पाहिली. संशयाला जागाच उरली नाही. दांडा सरकला होता. त्याच्या शिष्यांना तोंडपाठ असलेली वाट थेट वाळूत घुसत होती.

परीक्षा तोंडावर आली होती. गप्प बसावे, असे क्षणभर त्याला वाटले. आराखडा केवढा देखणा होता! राणीने त्याचे कौतुक केले होते. तो मोडायचा म्हणजे हिवाळा पाण्यात गेला, हे साऱ्या बंदरासमोर कबूल करायचे. पण मग डोळ्यांसमोर दौलत आला, सुकाणू धरलेला, पाठ केलेली वाट पुटपुटत दांड्यावर जाणारा. त्याच्या मागे गलबतावरचे खलाशी. सुभानजी उठला आणि सरळ भागुबाईच्या दारात जाऊन उभा राहिला. तिच्या दारात तो यापूर्वी कधी गेला नव्हता.

“दांडा सरकलाय,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे. माझ्याही शिष्यांची शिकलेली वाट गेली.” भागुबाईने त्याला पाट दिला. “तुम्ही काय करणार?”

“नवा नकाशा करावा म्हटलं.”

“आणि उद्या पुन्हा सरकला तर?” तिने विचारले. “सुभानभाऊ, तुमच्या माणसाला शेवटी काय यायला हवं? वाट म्हणता यायला हवी, की गलबत आत आणता यायला हवं?”

सुभानजीने आपला सारा हिवाळा मनात चाळून पाहिला. त्याने कोणाला काय येते ते विचारले होते, धडे पाडले होते, परीक्षा घेतल्या होत्या. आणि जी गोष्ट यायला हवी, तिची परीक्षा एकदाही घेतली नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली.

तिथून तो नाखव्याकडे गेला. “तुझी होडी दे,” तो म्हणाला. हे तीन शब्द तोंडातून काढताना त्याला कोण कष्ट पडले!

“घे की,” नाखवा म्हणाला. “पण अट आहे. रुतली की हसायचं. ओरडायचं नाही.”

“का?”

“ओरडलं की माणूस तुझ्या तोंडाकडे बघतो, पाण्याकडे बघत नाही.” मग नाखव्याने डोके खाजवले. “माझंही एक काम कर, सुभानजी. माझी पोरं होडी काढतात बरोबर, पण का काढली ते सांगता येत नाही त्यांना. नवं काही पुढं आलं की गांगरतात. तू कारणं चांगली सांगतोस. जरा सांग त्यांना.”

त्या दिवसापासून किनाऱ्यावर वेगळेच दृश्य दिसू लागले. सुभानजीने आपला नकाशा स्वतःच्या हातांनी मोडला. त्या वाळूवर बसून तो नाखव्याच्या शिष्यांना दांडा का सरकतो, लाट कुठे फुटते आणि का फुटते, हे सांगू लागला. आणि आपल्या शिष्यांना तो होडीत घालून दांड्यावर नेऊ लागला. त्यांनी पाणी वाचायचे, त्यांनी दोरी टाकायची, त्यांनी वाट ठरवायची. होडी रुतली. सुभानजी हसला. पहिल्यांदा ते हसणे इतके ओढूनताणून आणलेले होते की दौलतने घाबरून विचारले, “काका, बरं नाही का?” मग मात्र सगळेच हसले. दिवसभराच्या चुका पाहून सुभानजी संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा धडा ठरवी. शिस्त त्याने सोडली नाही. ती त्याच्या हाडातच होती आणि आता ती उपयोगी पडत होती.

परीक्षेचा दिवस आला. धक्क्यावर मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. राणी खुर्चीत बसली. आधी भागुबाईची शिष्या गलबत घेऊन आली आणि नेमक्या खांबाला लावून मोकळी झाली. मग नाखव्याचा शिष्य आला, थोडा वेडावाकडा, पण सुखरूप. लोकांनी टाळ्या पिटल्या. या दोघांत बराच वेळ गेला. दौलतची पाळी आली तेव्हा ओहोटी लागली होती आणि वाराही फिरला होता.

“उद्या घ्यायची का?” राणीने निरोप पाठवला.

सुभानजीने दौलतकडे पाहिले. दौलतने नकारार्थी मान हलवली. “समुद्र काय विचारून येतो का?” तो म्हणाला. सुभानजी नाळेवर जाऊन बसला, पाठ पुढच्या पाण्याकडे, तोंड दौलतकडे.

आता त्याला फक्त दौलतचा चेहरा दिसत होता आणि मागून येणाऱ्या लाटा. पुढचे काही नाही. सारे आयुष्य ज्याने पुढचे पाणी पाहण्यात घालवले, त्याला ते पाहायची बंदी. गलबत दांड्याजवळ आले. पाण्याचा आवाज बदलला. पाणी फारच उथळ आहे, हे सुभानजीने कानांनी ओळखले. एवढ्यात गलबताचा तळ वाळूला घासला. खर्रर्र!

‘उजवीकडे!’ हा शब्द सुभानजीच्या जिभेवर आला. खलाशांच्या तोंडचे पाणी पळाले. सगळे सुभानजीकडे पाहू लागले. एक शब्द, आणि गलबत वाचेल. एक शब्द, आणि दौलत पुन्हा शिडे शिवायला जाईल. सुभानजीने उपरण्याचे टोक तोंडात कोंबले आणि दातांखाली घट्ट धरले.

एकटा दौलत तेवढा सुभानजीकडे पाहत नव्हता. तो पाण्याकडे पाहत होता.

“शीड उतरवा!” दौलत म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “दोरी टाका. किती?”

“कमी आहे!” खलाशी ओरडला.

“डावीकडे टाका.”

“इथं आहे! बरंच आहे!”

डावीकडे? सुभानजीने पाहिलेल्या कुठल्याही वाटेत या जागी डावीकडे वळण नव्हते. कदाचित कालच्या ओहोटीने तिथे वाळू कापली असेल. कदाचित नसेलही. त्याला दिसत नव्हते. त्याला दौलतचा चेहरा तेवढा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर भीती होती, पण गोंधळ नव्हता. माणूस वाट आठवतो तेव्हा त्याचे डोळे कुठे जातात, हे सुभानजीला हिवाळाभर पाहून ठाऊक होते. दौलत काही आठवत नव्हता. तो विचार करत होता. सुभानजीने उपरणे आणखी घट्ट चावले.

दौलतने मागून येणारी एक मोठी लाट हेरली. ती गलबताखाली येऊन तळ उचलते न उचलते तोच त्याने सुकाणू वळवले. गलबत डावीकडे झुकले, थरथरले आणि अलगद खोल पाण्यात उतरले. पाण्याचा आवाज पुन्हा भरदार झाला. सुभानजीच्या जिवात जीव आला.

धक्क्यावर एकच जल्लोष उसळला. राणी स्वतः उठून पुढे आली.

“ओहोटीत, फिरलेल्या वाऱ्यात, घासलेलं गलबत सोडवून आणलं! सुभानजी, तुमची रीत जिंकली. शाळा तुमची.”

याच शब्दांसाठी सुभानजी वर्षानुवर्षे जगला होता. हात जोडून ‘आज्ञा’ म्हणायचे एवढेच बाकी होते. राणीला काय कळणार होते? पण सुभानजीला ताठ मानेने खोटे बोलता येत नव्हते, आणि मान वाकवायची त्याला सवय नव्हती.

“राणीसाहेब, माझ्या एकट्याच्या रीतीनं हा वाळूत रुतला असता,” तो मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. “शेवटी काय यायला हवं, ते मला भागुबाईनं विचारलं. करून, चुकून कसं शिकवायचं, ते नाखव्यानं दाखवलं. समोर कोण बसलंय ते ओळखून पायरीपायरीनं कसं न्यायचं, एवढं माझं. यातली एकच रीत ठेवाल, तर बंदर बुडेल. समोर माणूस कोण आणि त्याला करायचं काय, ते आधी बघावं. कधी कुठली रीत घ्यायची, ते त्यावर ठरवावं. शाळा आम्हा तिघांना द्या.”

भागुबाईने पदराने डोळे टिपले. नाखवा यावेळी हसला नाही. राणीने काही क्षण विचार केला आणि आपलाच हुकूम मागे घेतला. शाळा तिघांची झाली.

गर्दी सुभानजीला खांद्यावर घ्यायला धावली. त्याने सगळ्यांना बाजूला सारले. दौलत अजून गलबतावरच उभा होता. उतरवलेले शीड तो नीट गुंडाळत होता. सुभानजी त्याच्यापुढे गेला. अभिमानाने त्याचा ऊर भरून आला होता. स्वतः पहिले गलबत आणले, त्या दिवशीही त्याला एवढा अभिमान वाटला नव्हता. या माणसाने आज जे केले, ते त्याला सुभानजीने शिकवलेलेच नव्हते.

त्याने दौलतसमोर हात जोडले. हिवाळाभर ज्याला तो ‘अरे-तुरे’ करत होता, त्याला तो म्हणाला,

“दौलत तांडेल, माझी पाठ तिकडे होती, मला दिसलं नाही. तुम्ही ती डावीकडची वाट कशी ओळखलीत? उद्या मला घेऊन चला. मला शिकवा.”

तात्पर्य: शिकवण्याची कोणतीही रीत आपल्या जागी चांगलीच असते, पण शिकणारा कोण आहे आणि शेवटी त्याला काय करता यायला हवे, हे पाहूनच ती निवडावी, आणि गरज पडली तर मोडावी. गुरूने अभिमान आपल्या आराखड्याचा नव्हे, तर आपल्यापुढे गेलेल्या शिष्याचा बाळगावा.